विलोब्रुकनंतरची देखरेख

अमेरिकेत विकासात्मक दिव्यांगत्व (बौद्धिक अक्षमतेसारखे, लहानपणापासूनचे दिव्यांगत्व) असलेल्या व्यक्तींची देखभाल करणाऱ्या संस्थांवर सरकारची नजर असते. पण विसाव्या शतकात बराच काळ बहुतेक मोठ्या संस्था राज्य सरकारेच चालवत आणि तपासणीही त्यांच्याच हाती असे. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक ही निवासी संस्था सुमारे ४,००० जणांसाठी बांधलेली होती. १९६५ पर्यंत तिथे ६,००० जण कोंबलेले होते. त्याच वर्षी सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी तिथली अवस्था पाहून जाहीर टीका केली, पण परिस्थिती फारशी हलली नाही. जानेवारी १९७२ मध्ये, नोकरीवरून काढून टाकलेल्या डॉक्टर मायकेल विल्किन्स यांनी आपल्याजवळ राहिलेल्या किल्लीने एक इमारत उघडली आणि वार्ताहर हेराल्डो रिव्हेरा यांना आत नेले. अंधाऱ्या दालनात जमिनीवर पडलेली उघडीनागडी, मलमूत्राने माखलेली मुले देशाने तेव्हा पाहिली. सरकारी तपासणीने वर्षानुवर्षे जे उजेडात आणले नाही, ते या किल्लीने आणले, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

पालकांनी लगेच दावा लावला आणि १९७५ मध्ये तडजोड हुकूमनामा (दोन्ही पक्षांच्या संमतीने न्यायालयाने दिलेला आदेश) होऊन सात जणांचे स्वतंत्र पाहणी मंडळ नेमले गेले. १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने या मंडळाचा निधीच नाकारला. ज्याच्या कारभारावर नजर ठेवायची, त्याच्याच तिजोरीतून पैसे येत असतील तर हा धोका कायम राहतो. विलोब्रुक अखेर १९८७ मध्ये बंद झाले.

दरम्यान संघराज्य सरकारने १९७१ मध्ये अशा संस्थांना मेडिकेडचे (कमी उत्पन्नाच्या व दिव्यांग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे) पैसे ठरावीक निकषांवर देऊ केले, १९७५ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात हक्करक्षणाची स्वतंत्र यंत्रणा अपेक्षिली आणि १९८० च्या कायद्याने राज्याच्या संस्थांविरुद्ध न्यायालयात जाण्याचा अधिकार ॲटर्नी जनरलना (संघराज्याच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांना) दिला. १९८१ पासून मेडिकेडचा पैसा घरगुती व वस्तीतल्या सेवांकडेही वळू लागला आणि माणसे छोट्या, बहुतांशी खासगी ग्रुप होममध्ये (थोड्या जणांनी देखभालीसह एकत्र राहण्याच्या घरांमध्ये) जाऊ लागली. हा बदल योग्यच होता, पण १९८० चा कायदा तिथे पोहोचत नव्हता आणि एका मोठ्या इमारतीऐवजी आता असंख्य दारांमागे पाहायचे होते. दुखापत झाली की ती कळवायची जबाबदारी सेवा देणाऱ्यावरच आली. पुढे संघराज्याच्या लेखापरीक्षकांनी रुग्णालयांच्या तातडीच्या उपचारांची बिले सेवा देणाऱ्यांनी कळवलेल्या घटनांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा अनेक गंभीर घटना कळवल्याच गेल्या नव्हत्या, असे २०१८ च्या अहवालात नोंदवले गेले.