क्रूझवर फोन बंद की चालू? वाद सव्वाशे वर्षांचा आहे

क्रूझची कोणतीही जाहिरात पाहा. वरच्या बाजूला निळं पाणी, आरामखुर्ची आणि ‘सगळं मागे टाकून या’ अशा अर्थाचं काहीतरी, आणि खाली बारीक अक्षरात वायफाय पॅकेजचे दर. या दोन गोष्टी एकाच पानावर सुखाने नांदतात, कारण क्रूझच्या धंद्याला दोन्ही विकायच्या असतात. सुट्टीत ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघावा की नाही, यावर आज घराघरांत वाद होतो. त्यात एक समजूत गृहीत धरलेली असते: पूर्वी समुद्रावर शांतता होती, मग इंटरनेट आलं आणि ती गेली. इतिहास काही तसं सांगत नाही.

२२ जानेवारी १८९१ रोजी जर्मनीतल्या कुक्सहाफेन बंदरातून ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट भूमध्य समुद्राकडे निघाली. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीतल्या अल्बर्ट बालिन यांची ही कल्पना. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू कमी असतात, तर बोट नुसती उभी ठेवण्यापेक्षा पैसेवाल्या हौशी मंडळींना उन्हात फिरवून आणावं. निव्वळ मौजेसाठीची पहिली मोठी सफर म्हणून सहसा हीच धरतात. तिच्यावरच्या प्रवाशांना दोन बंदरांच्या मधल्या दिवसांत जगाची काहीच खबर नव्हती. बंदरात उतरलं की तारघर आणि टपाल. ‘अनप्लग’ होणं म्हणतात ते हेच, फक्त प्लगच नव्हता.

ही अवस्था पुरती दहा वर्षंही टिकली नाही. नोव्हेंबर १८९९ मध्ये गुल्येल्मो मार्कोनी अमेरिकेहून ‘सेंट पॉल’ बोटीने इंग्लंडला परतत होते. किनारा सुमारे ६६ मैलांवर असतानाच वाइट बेटावरच्या नीडल्स केंद्राशी त्यांचा बिनतारी संपर्क झाला. मिळालेल्या बातम्या, त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या ठळक, बोटीवरच्या छापखान्यात छापून ‘ट्रान्सअटलांटिक टाइम्स’ नावाचं छोटं पत्रक काढलं गेलं. किंमत एक डॉलर, पैसे खलाशांच्या निधीला. पुढच्याच वर्षी ‘कायझर विल्हेल्म देर ग्रोस’ या जर्मन बोटीवर धंदेवाईक पातळीवर बिनतारी यंत्र बसलं. १९०३-०४ पर्यंत कुनार्ड कंपनीच्या बोटींवर समुद्रातच छापलेलं बातमीपत्र प्रवाशांच्या हाती पडू लागलं. थोडक्यात, मौजेची क्रूझ आणि बोटीवरचं ‘कनेक्शन’ ही जवळपास एकाच वयाची भावंडं आहेत.

आता १९१०. जुलै १९१० म्हटलं की मराठी वाचकाला सावरकरांची उडी, ‘मोरिया’ बोट आणि मार्सेलिसचा धक्का आठवतो. त्याच महिन्यात अटलांटिकवर दुसरंच नाट्य चाललं होतं. बायकोच्या खुनाचा संशय असलेला डॉ. क्रिपन आपल्या प्रेयसीला मुलाचे कपडे चढवून ‘माँट्रोज’ बोटीने कॅनडाला पळत होता. कॅप्टन केंडल यांना शंका आली. त्यांनी २२ जुलैला बिनतारी संदेश धाडला आणि इन्स्पेक्टर ड्यू ‘लॉरेंटिक’ या जास्त वेगाच्या बोटीने मागे निघाले. दोन्ही बोटी कुठवर आल्या हे युरोप-अमेरिकेतली वर्तमानपत्रं रोज नकाशे काढून छापत होती. ३१ जुलैला कॅनडाच्या फादर पॉइंटजवळ क्रिपन पकडला गेला. यातली खरी गंमत पाठलागाची नाही. लाखो अनोळखी माणसं एका बोटीवर डोळा ठेवून होती आणि त्या बोटीवरच्या प्रवाशांना याचा पत्ताच नव्हता. संपर्क होता, पण तो कॅप्टनच्या मुठीत होता.

दोन वर्षांनी टायटॅनिक. ती कथा सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्यातला आपल्या विषयाचा भाग फारसा सांगितला जात नाही. टायटॅनिकवरचे दोन बिनतारी ऑपरेटर, जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड, मार्कोनी कंपनीच्या पगारावर होते. त्यांच्या दिवसाचा मोठा वाटा प्रवाशांचे खासगी निरोप पाठवण्यात जाई. दर होता पहिल्या दहा शब्दांना १२ शिलिंग ६ पेन्स, पुढच्या प्रत्येक शब्दाला ९ पेन्स. त्या काळच्या कामगाराला हे स्वप्नातही परवडलं नसतं. पहिल्या वर्गातली मंडळी मात्र ‘मजेत आहोत, हवा छान’ छापाच्या तारा हौसेने करत. आदल्या दिवशी यंत्र बिघडून दुरुस्त झालं होतं, त्यामुळे निरोपांचा ढीग साचला होता. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री फिलिप्स तो ढीग न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे उपसत बसले होते. अकराच्या सुमारास जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ बोटीने, आम्ही बर्फात अडकून उभे आहोत, असं कळवलं. फिलिप्सनी उलट उत्तर दिलं: गप्प बस, मी केप रेसच्या कामात आहे. कॅलिफोर्नियनवर एकच ऑपरेटर. तो थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली.

फिलिप्सना दोष देणं सोपं आहे, मला ते पटत नाही. शेवटपर्यंत यंत्रावर बसून मदत मागत राहिलेला तो माणूस त्याच रात्री गेला. पण व्यवस्था अशी होती की धोक्याची सूचना आणि सुट्टीवरच्या माणसाची ख्यालीखुशाली एकाच तारेवर भांडत होती, आणि पैसे ख्यालीखुशालीचे मिळत होते. १९१४ च्या सागरी सुरक्षा करारात मोठ्या प्रवासी बोटींवर चोवीस तास बिनतारी पहारा ठेवण्याचं कलम आलं, ते या अनुभवातूनच.

कामाचा लॅपटॉप क्रूझवर नेणाऱ्यांना आपण नव्या युगाचे बळी आहोत असं वाटत असेल, तर त्यांनी १९२९ कडे पाहावं. त्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कच्या दलालांनी ‘लेव्हिआथन’, ‘इल द फ्रान्स’, ‘बेरेंगारिया’ अशा मोठ्या बोटींवर शेअर दलालीच्या कचेऱ्याच थाटल्या. भर समुद्रात, डेकवरच्या गप्पा अर्ध्यावर सोडून, खरेदी-विक्रीचे आदेश बिनतारी यंत्राने वॉल स्ट्रीटला जायचे. ऑक्टोबरात बाजार कोसळला तेव्हा बेरेंगारियावरच्या कचेरीपुढे प्रवाशांची झुंबड उडाली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेव्हिआथनवरून किनाऱ्याशी थेट टेलिफोनवर बोलण्याची सोयही सुरू झाली.

संपर्क नसणं म्हणजे काय असतं, हे आपल्या किनाऱ्याने फार क्रूरपणे पाहिलं आहे. ते सुट्टीचं प्रकरण नव्हतं, पण ‘पूर्वीची शांतता’ म्हणताना ते विसरून चालत नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून काही मैलांवर वादळात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई डोळ्यांच्या टप्प्यात होती आणि तिला दुपार उलटेपर्यंत काही कळलं नाही. अटलांटिकवरच्या श्रीमंतांना शेअर विकता येत होते त्यानंतर अठरा वर्षांनीही कोकणच्या उतारूंना मदत मागता येत नव्हती. कोण ‘कनेक्टेड’ असेल हे तंत्राने जेवढं ठरवलं, त्याहून जास्त तिकिटाने ठरवलं.

दुसऱ्या महायुद्धानंतरची तीस वर्षं भराभर ओलांडता येतात: मोर्सची सांकेतिक टिकटिक, रेडिओ टेलिफोन, खरखर. भारतीय खलाशी ज्याला ‘मार्कोनी साहेब’ म्हणत तो रेडिओ ऑफिसर बोटीवरचा मोठा माणूस राहिला. बदल झाला उपग्रहांमुळे. १९७६ मध्ये जहाजांसाठी ‘मॅरिसॅट’ उपग्रह सुटले, १९७९ मध्ये ‘इनमारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९८२ पासून तिची सेवा चालू झाली. केबिनमधून घरी फोन लावता येऊ लागला, पण मिनिटाचा दर असा की लोक वाढदिवस आणि मरण यांपलीकडे तो उचलत नसत. १ फेब्रुवारी १९९९ पासून नवी जागतिक संकट-संदेश प्रणाली पूर्णपणे लागू झाली. जहाजांना मोर्स ऐकत बसण्याचं बंधन उरलं नाही आणि मार्कोनी साहेबाची नोकरीही संपत आली.

त्याच १९९९ मध्ये ‘नॉर्वेजियन स्काय’ या क्रूझ जहाजावर इंटरनेट कॅफे उघडला, क्रूझवरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. आज ज्या ‘शांत क्रूझ’च्या आठवणी लोक हळहळत काढतात त्या बहुतेक यानंतरच्या पंधरा वर्षांतल्या आहेत, आणि ती शांतता जपलेली नव्हती, महाग होती. मिनिटाला ७५ सेंट हा दर तेव्हा सर्रास होता. पान उघडायलाच दोन मिनिटं जायची. याचं कारण अंतर. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. इथून प्रश्न वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर आणि खाली, यातच अर्धा सेकंद संपतो. शिवाय हजारो प्रवाशांत वाटून घ्यायची ती एकच अरुंद वाट. २००४ पासून जहाजावरच छोटा मोबाइल टॉवर बसवण्याची पद्धत आली. तोही उपग्रहालाच जोडलेला, त्यामुळे खिशातला फोन नकळत रोमिंगवर जायचा आणि घरी परतल्यावर बिल बघून घाम फुटायचा. फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकून मग वायफाय चालू करा, हा जाणत्यांचा सल्ला तेव्हापासूनचा आहे आणि आजही खरा आहे.

२०१४ मध्ये ‘ओएसिस ऑफ द सीज’ने ओथ्रीबी या कंपनीचे उपग्रह वापरायला सुरुवात केली. ते सुमारे ८,००० किलोमीटरवर फिरतात, म्हणून उत्तर लवकर येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियनने ‘फ्रीडम ऑफ द सीज’वरच्या चाचणीनंतर सगळ्या ताफ्यावर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं. हे उपग्रह जेमतेम ५५० किलोमीटर उंच. कार्निव्हलही मागोमाग आली. मधल्या समुद्रात व्हिडिओ कॉल आणि क्रिकेट सामना दोन्ही शक्य झालं, आणि ‘रेंज नव्हती’ ही सुट्टीतली सर्वांत निरुपद्रवी थाप संपली. साहेबाला सांगायला आता कारण उरलं नाही. दिवसाला वीसेक ते तीसेक डॉलर मोजायची तयारी असली की झालं. काही कंपन्यांनी प्रवाशांनी स्वतःचा राउटर किंवा डिश आणण्यावर बंदी घातली आहे. मार्कोनीग्रामच्या, म्हणजे बोटीवरून धाडायच्या बिनतारी निरोपांच्या काळापासून संपर्क ही विकायची वस्तू आहे, तेव्हा त्यात नवल काय.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘सेरेनेड ऑफ द सीज’ मायामीहून २७४ रात्रींच्या जगप्रवासाला निघाली. काही दिवसांतच तिच्यावरच्या प्रवाशांचे टिकटॉक व्हिडिओ जमिनीवरचे लोक मालिका बघावी तसे बघू लागले. कोण कोणाशी भांडेल याचे अंदाज बांधले गेले. क्रिपनच्या वेळेसारखीच सगळ्या जगाची नजर एका बोटीवर. फरक एवढाच की या वेळी प्रवासी स्वतःच कॅमेरा धरून उभे होते, आणि जे कॅमेऱ्यात नव्हते त्यांनाही आपण बघितले जातोय हे माहीत होतं. शेजारच्या आरामखुर्चीतला माणूस लाइव्ह असताना आपण एकट्याने फोन तिजोरीत ठेवून कितपत ‘अनप्लग’ होतो, हा प्रश्न मला पॅकेजच्या दरापेक्षा जास्त अवघड वाटतो.

भारतात गोष्टी उशिरा आणि सावधपणे आल्या. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून आले आणि त्यांच्याकडे उपग्रह फोन होता. परवान्याशिवाय असा फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक त्यापायी अडचणीत आल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. जहाजांवर आणि विमानांत रीतसर इंटरनेट देण्याचे नियम डिसेंबर २०१८ मध्ये निघाले. २०१९ मध्ये टाटा समूहातल्या नेल्को कंपनीने जहाजांसाठी ब्रॉडबँड सुरू केलं. मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये धावू लागली होती. अशा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या बोटीवर फोनची रेंज दिव्यांसारखी येते-जाते, त्यामुळे धड बोलणंही होत नाही आणि धड सुटकाही.

आतापर्यंतचं सगळं प्रवाशाच्या बाजूचं झालं. पण मुंबई, कोकण, गोवा इथल्या कितीतरी घरांचा क्रूझशी संबंध तिकिटाचा नसून पगाराचा आहे. ‘बोटीवर आहे’ म्हणजे सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. या मंडळींसाठी संपर्क तुटणं ही चैन कधीच नव्हती. पूर्वी पत्रं, मग बंदरातल्या फोन बूथसमोरच्या रांगा, मग धक्क्याजवळच्या फुकट वायफायच्या कॅफेत दाटीवाटीने बसलेले गणवेशातले लोक. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ विलगीकरणात अडकली, तेव्हा तिच्यावरच्या ३,७११ जणांत १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ कर्मचारी. सोडवण्याची विनंती त्यांनी केली ती फोनवर काढलेल्या व्हिडिओंमधून. जपान सरकारने त्या जहाजावर दोन हजार आयफोन पोचवले, डॉक्टरांशी आणि औषधांसाठी संपर्क करता यावा म्हणून.

कोविडच्या त्या महिन्यांनंतर, २०२२ मध्ये, आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती अमलात आली. जहाजमालकांनी शक्य तिथवर खलाशांना इंटरनेट द्यावं, आणि पैसे घ्यायचेच तर ते रास्त असावेत. रास्त म्हणजे किती, हे आकड्यात लिहिलेलं नाही. ते जहाजावर ज्या देशाचा झेंडा आहे त्या देशाचा कायदा आणि कंपनी मिळून ठरवतात.