कारखान्यावर सोलर म्हणजे बिल शून्य?

‘छतावर सोलर बसवा, कारखान्याचं बिल शून्य’ हे विक्रेत्यांचं लाडकं वाक्य अर्धंच खरं आहे. महाराष्ट्रात 1 किलोवॉटचं पॅनल दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, सावली नसलेली साधारण 100 चौरस फूट जागा घेतं. त्यानं युनिटचा खर्च घटतो. स्थिर आकार, डिमांड चार्ज (विजेच्या कमाल मागणीवरचा आकार) राहतातच. शिवाय मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह वीज बहुतेक वेळा ग्रिडमधूनच येत राहते, त्यामुळे मीटरवरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ग्रिडमधून घेतलेल्या एकूण विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा, घसरतो. रिअॅक्टिव्ह वीज जागेवरच पुरवणारं कपॅसिटर पॅनल आधीच तपासून घ्या. हे कोटेशनमध्ये क्वचितच असतं.

पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान घरगुती ग्राहकांनाच आहे. व्यवसायाला आधार 40 टक्के घसाऱ्याचा, म्हणजे संचाच्या किमतीपोटी करपात्र नफ्यातून वजा होणाऱ्या रकमेचा. पण संच घेतला त्या आर्थिक वर्षात तो 180 दिवसांपेक्षा कमी वापरला, तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच.