बडोद्यात विमान जुळतं, पैसा कुठे मुरतो? सी-२९५ प्रकल्पाची पार्श्वभूमी

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या हस्ते बडोद्यात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या जुळणी कारखान्याचं उद्घाटन झालं. खासगी कारखान्यात अख्खं लष्करी विमान तयार होण्याची भारतातली ही पहिलीच वेळ. दांडिया बाजारापासून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीपर्यंत शहरात एकच प्रश्न ऐकू येतो: यातून गुजरात राज्याला नेमकं काय मिळणार? उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

विमानं बांधायचा उद्योग आपल्याकडे सुरू झाला तो खासगी हातांनीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली ती सरकारकडे गेली. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावात विमानबांधणी सरकारी क्षेत्रासाठी राखून ठेवली गेली आणि खासगी उद्योगाला दार बंद झालं. ते मे २००१ मध्ये उघडलं, तेव्हाही परकीय भांडवलावर २६ टक्क्यांची मर्यादा होती. या मधल्या पंचेचाळीस वर्षांत जे कौशल्य जमायला हवं होतं ते जमलं नाही. आजच्या अडचणींचं मूळ तिथे आहे.

बडोद्याचा विमानांशी संबंध मात्र जुना. दुसऱ्या महायुद्धात गायकवाडांच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्पिटफायर स्क्वॉड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळालं. पण शहराला खरा उपयोग झाला तो सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनाचा. हाताने काम करणारा तंत्रज्ञ इथे तेव्हापासून घडतो आहे. पुढे रिफायनरी आली, ट्रान्सफॉर्मरचे कारखाने आले, सावलीला मेट्रोचे डबे बनू लागले. जिग, फिक्स्चर (नग अचूक पकडून ठेवणारे साचे) आणि वेल्डिंग जाणणारी माणसं शहरात आयती होती. शिवाय जुळणीच्या कारखान्याला शेजारी धावपट्टी लागतेच. ती इथे होती, आणि हवाई दलाची ११ वी स्क्वॉड्रनही इथलीच, जी आधी एव्ह्रो ही जुनी वाहतूक विमानं उडवत असे.

सी-२९५ या एव्ह्रोच्याच जागी आलं आहे. कानपूरला जुळवलेलं पहिलं एव्ह्रो नोव्हेंबर १९६१ मध्ये उडालं. बहुतेक एव्ह्रोंना मागचा रॅम्प नाही, त्यामुळे जीप थेट आत घालता येत नाही. सी-२९५ मध्ये रॅम्प आहे आणि ते सुमारे ९ टन माल किंवा ७१ जवान नेतं. २०१३ च्या निविदेत ५६ विमानं मागवली होती: १६ तयार आणि ४० भारतातल्या खासगी भागीदाराने बनवलेली. निविदा आली ती युरोपची विमान कंपनी एअरबस आणि तिचे भारतीय भागीदार टाटा यांची एकट्याची. फक्त ४० विमानांसाठी नवी लाइन टाकायची आणि पुढच्या ऑर्डरची हमी नाही, हा हिशेब इतरांना बसला नाही यात आश्चर्य नाही. एकच निविदा स्वीकारावी की नाही यात वर्षं गेली आणि २१,९३५ कोटींचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला.

आता राज्याच्या हिशेबाकडे. सरकारी आकड्यांनुसार थेट रोजगार ६०० आणि अप्रत्यक्ष ३,००० हून अधिक. १३,४०० सुटे भाग आणि ४,६०० उपजुळण्या देशात व्हायच्या आहेत, पण ते काम बडोद्याचं एकट्याचं नाही. मोठे घटक हैदराबादला तयार होऊन इथे येतात, लघुउद्योग सात राज्यांत विखुरलेले आहेत आणि इंजिन, लँडिंग गिअर (चाकांची यंत्रणा), एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) एअरबसकडून येतं. जीएसटीही माल जिथे पोचतो त्या राज्याच्या वाट्याला जातो, जिथे बनतो त्या नव्हे. म्हणून नुसत्या हँगरवरून राज्याचा फायदा मोजू नये. किती स्थानिक वर्कशॉप सुट्या भागांच्या साखळीत शिरतात, यावर तो ठरतो.

आणि शिरणं सोपं नाही. आधी एएस९१०० हे विमान उद्योगातलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र. मग पहिल्या नगाची तपासणी: ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप क्रमांक देऊन प्रत्यक्ष मोजायचं, धातूचा हीट नंबर (तो कोणत्या वितळवणीतून आला त्याचा क्रमांक) मिलच्या दाखल्याशी जुळवायचा. कागदपत्रांची ही साखळी तुटली तर अचूक नगही भंगारात जातो. हीट ट्रीटमेंट, अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं) आणि भेगांची तपासणी या प्रक्रियांना वेगळी मान्यता लागते. ती जवळपास कुणाकडे नसेल तर नग दुसऱ्या राज्यात जाऊन परत येतो आणि नफा वाहतुकीत जातो.

यंत्रावरची अडचण वेगळीच. अॅल्युमिनियमच्या जाड प्लेटमधून पातळ रिब (विमानाच्या सांगाड्यातली बरगडी) कोरताना बहुतेक धातूचा कीस होतो. रोलिंग आणि क्वेंचिंगच्या (तापलेला धातू झटकन थंड करण्याच्या) वेळचे ताण प्लेटमध्ये उरलेले असतील तर क्लॅम्प सोडताच रिब वाकते. यासाठी ताण काढलेली, टी७४५१ सारख्या टेंपरची (प्रक्रिया करून मिळवलेल्या अवस्थेची) प्लेट घेतात, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून थर काढतात आणि शेवटच्या कटाआधी नग मोकळा करून पुन्हा पकडतात. काही रिव्हेट क्वेंच केल्यावर फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात. बाहेर काढले की काही मिनिटांत ठोकायचे, नाहीतर धातू कडक होऊन डोक्याला चिरा पडतात. हे सगळं वीस-पंचवीस नगांच्या बॅचसाठी करायचं असल्यामुळे टूलिंगचा खर्च लवकर वसूल होत नाही. लहान उद्योजक मागे हटतो तो इथेच. राज्याने मदत करायची तर जमिनीच्या सवलतीपेक्षा सामाईक प्रक्रिया केंद्र आणि तपासणी प्रयोगशाळा जास्त उपयोगी पडतील.

स्पेनमधून यायची सोळाही विमानं ऑगस्ट २०२५ पर्यंत मिळाली. बडोद्याचं पहिलं विमान सप्टेंबर २०२६ मध्ये आणि चाळिसावं ऑगस्ट २०३१ पर्यंत द्यायचं ठरलं आहे. त्यानंतर लाइनवर काय चालेल हे निर्यातीवर आणि पुढच्या ऑर्डरवर ठरेल. विमानांची मोठी दुरुस्ती करणारं केंद्रही पुरवठा संपण्याआधी भारतात उभारायचं आहे. एव्ह्रोने साठ वर्षं सेवा दिली. सी-२९५ त्याच्या निम्मी वर्षं जरी उडालं तरी बुश, ब्रॅकेट, सील आणि पत्रे यांची मागणी कारखान्यातून शेवटचं विमान बाहेर पडल्यावरही दशकं चालू राहील. त्या यादीतले किती नग मकरपुरा आणि वाघोडियाच्या शेडमध्ये बनतील, हे पुढच्या पाच वर्षांत मिळवलेल्या मान्यतांवर अवलंबून आहे.