जुनी पाणचक्की: बंद का पडली, पुन्हा फिरते कशी

पाण्याच्या जोरावर दळायची युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियसने उभं चाक आणि दातेरी चक्रांची पाणचक्की वर्णन करून ठेवली आहे. इंग्लंडमध्ये राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या १०८६च्या डूम्सडे पाहणीत तर पाच हजारांहून जास्त गिरण्यांची नोंद झाली. गिरणी बहुधा जहागीरदाराची असे. रयतेने तिथेच दळायचं आणि दळणातला वाटा द्यायचा, अशी सक्ती अनेक ठिकाणी होती.

१७५९ साली जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने प्रयोगांनी दाखवलं, की पाणी चाकाखालून वाहण्यापेक्षा वरून पडलं तर जवळपास दुप्पट काम मिळतं. पण खेड्यातल्या गिरणीचा घात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडांऐवजी दाणे दळणाऱ्या पोलादी रोलरांनी केला. रोलर गव्हाचा कोंडा आणि अंकुर वेगळा काढतात. अंकुरातलं तेल गेल्यामुळे पीठ लवकर खवट होत नाही, लांब पाठवता येतं. मग बंदरांजवळ, रेल्वेमार्गांलगत प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या आणि ओढ्याकाठच्या एकेक करून थांबल्या.

अशी गिरणी दुरुस्त करायला घेतली की लोक आधी भिंती आणि छप्पर बघतात. माझ्या मते सुरुवात पाण्यापासून हवी: बांध, गाळाने भरलेला पाट, झडप. प्रवाह नसेल तर उरते ती नुसती इमारत. मग यंत्र. पुष्कळ ठिकाणी लोखंडी चक्राला लाकडी दाते भिडवलेले असतात. त्यामुळे आवाज कमी होतो आणि काही अडकलं तर स्वस्तातला लाकडी दाता तुटतो, ओतीव चक्र वाचतं. ते दाते लाकडाचेच बसवायला हवेत. दगडांना टाकी लावून चर पुन्हा कोरावे लागतात. जुन्या दगडांत लोखंडी भाग पक्के करायला शिसं ओतलेलं असू शकतं. ते काढल्याशिवाय खाण्याचं पीठ दळूच नये. दगड रिकामे फिरवणंही घातक, कारण एकमेकांवर घासून ठिणगी उडते आणि हवेतली पिठाची धूळ पेट घेते.

हे सगळं जाणणारा माणूस मिळणं सर्वांत अवघड. नेदरलँड्समध्ये १९२३ पासून गिरण्या जपणारी संस्था आहे, आणि तिथे स्वयंसेवकांना गिरणी चालवायचं रीतसर शिक्षण मिळतं. युनेस्कोने २०१७ मध्ये वारसा म्हणून नोंदवलं ते तिथल्या गिरणीवाल्यांचं कसब.