हळदीच्या पुडीबरोबरचा कागद

नमस्कार.

सांगलीत पाऊस लागला की आमच्या दुकानात हळद, सुंठ, ओवा, ज्येष्ठमध यांची मागणी वाढते आणि त्याबरोबर गल्ल्यावरचे प्रश्नही. कसं घ्यायचं? किती? शुगरवर चालतं का? गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद पिशवीत टाकला आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आम्ही विकतो तो किराणा आहे, औषध नव्हे. ‘मधुमेह बरा होतो’ अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी आम्ही तसं छापलं नसतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा. आमची हळद भाजीत घाला.

हळद

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळकुंडं वर्षानुवर्षं ठेवत; २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली. पेवात अख्खं हळकुंड टिकायचं, पावडर नव्हे. दळलेल्या हळदीचा वास महिन्यागणिक उतरतो आणि उन्हात रंगही विटतो. म्हणून घरी दोन माणसं असतील तर किलोची पुडी मागू नका, पाव किलो न्या. काचेची बरणी खिडकीत ठेवण्यापेक्षा झाकणाचा डबा फडताळात ठेवलेला बरा.

हळदीच्या दुधाबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. पेलाभर दुधात पाव चमचा हळद आणि चिमूटभर मिरपूड घालून उकळी आणा. मिरी का, तर हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं आणि मिरीतल्या पाइपरीनमुळे ते वाढतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी हे दाखवलं आणि तेव्हापासून ‘वीसपट’ हा आकडा सगळीकडे फिरतो आहे. पण त्यांनी माणसांना दिलं होतं २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन. हळदीत ते शेकडा ३ धरलं, तर तेवढ्यासाठी एका वेळी ६५ ग्रॅमच्या वर हळद लागेल. कोण पिणार? रात्री गरम दुधाने बरं वाटतं, घसा शेकतो, एवढ्यासाठी ते प्या. कर्क्युमिनच्या कॅप्सूल आम्ही ठेवत नाही. एकवटलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

कापलं, खरचटलं की हळद दाबायची सवय आपल्याकडे जुनी आहे. आधी जखम वाहत्या पाण्याने धुवा. खोल असेल तर हळद न भरता दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन तिथेच मिळेल.

भेसळीची शंका आली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद सोडा आणि ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते, वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळला असावा. शिशाची भेसळ मात्र अशी कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

घसा आणि सर्दी

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. यात आमचा काही धंदा नाही, पण उपाय चांगला आहे. वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची पुरे. पोरांना उकळत्या पातेल्यासमोर बसवू नका, भाजण्याचे प्रकार त्यातूनच होतात.

ज्येष्ठमधाची कांडी चघळली की घशाची खवखव कमी वाटते. मात्र ज्यांचा रक्तदाब जास्त आहे त्यांनी आणि गरोदर बायकांनी ती घेऊ नये. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. मधुर चव आहे म्हणून रोज चघळणारे आमचे एक-दोन जुने गिऱ्हाईक आहेत. हे वाक्य त्यांच्यासाठीच आहे.

मध एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचा नाही. त्यातून होणारा बोट्युलिझम हा आजार तान्ह्यांच्या जिवावर बेततो.

आणि कापूर. कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला बांधायला अजूनही नेतात. कापूर तोंडात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. आम्ही कापूर देवासाठी विकतो. बाळासाठी हवा म्हणालात तर नाही म्हणू, राग मानू नका.

पोट

जेवण जड झालं तर अर्धा चमचा ओवा किंचित काळं मीठ लावून चावा, वर कोमट पाणी प्या. छातीत जळजळ होत असेल तर ओवा नको, तो तिखट आहे.

छातीत दाब, दरदरून घाम, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, हा ‘गॅस’ समजून ओवा चावत बसू नका. तडक १०८ ला फोन करा.

जुलाब लागले तर मेडिकलमधलं ओआरएस सगळ्यात चांगलं. ते हाताशी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा. मीठ अंदाजाने वाढवू नका. लहान मूल मलूल पडलं, लघवी कमी झाली, शौचातून रक्त आलं, तर लगेच डॉक्टर.

गुळवेल

कोविडनंतर गुळवेलीचा काढा घरोघरी झाला. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. हा वाद मिटवणं आमच्या आवाक्यातलं नाही. तोवर गुळवेल आम्ही वैद्यांची चिठ्ठी पाहूनच देतो.

पुडीला कुबट वास आला किंवा गुठळ्या झालेल्या दिसल्या तर पुडी घेऊन या, बदलून देऊ. आणताना डबा कोरडा आणा. ओल्या डब्यात भरून दिलेली सुंठ आठ दिवसांत बुरसते आणि मग बोल आम्हाला लागतो.