चार दिवसांत वाढलेले दोन किलो

आमच्या एका शेजाऱ्यांनी तीन महिने भात, पोळी आणि साखर बंद ठेवून सात किलो वजन उतरवले होते. गणपतीत त्यांनी पथ्य सैल केले, वरणभात आणि उकडीचे मोदक मनापासून खाल्ले, आणि पाचव्या दिवशी विसर्जन आटोपून ते वजनकाट्यावर उभे राहिले, तेव्हा दोन किलो वाढले होते. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी उपाशीपोटी ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ चढायला सुरुवात केली.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. दोन किलो चरबी अंगी लागायची, तर गरजेपेक्षा सुमारे १५,४०० किलोकॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. एका मोदकाच्या दीडशे धरल्या, तरी नेहमीचे जेवण जेवून वर शंभर मोदक झाले. शेजाऱ्यांनी सगळे मिळून पंधरा खाल्ले असतील. मग बाकीचे वजन आले कुठून?

पिष्टमय पदार्थांपासून मिळालेले ग्लुकोज शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम एवढा हा साठा असतो, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी अडकून राहते. कडक पथ्यात ही कोठारे बरीच रिकामी होतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो आणि आपण ते श्रेय पथ्याला देऊन टाकतो. भात पुन्हा ताटात आला की कोठारे भरतात आणि पाणीही परतते. शिवाय इन्शुलिन वाढल्यावर मूत्रपिंडे मीठ थोडे जास्त धरून ठेवतात, तेही पाणी ओढते.

यातील स्नायूंचा भाग मला विलक्षण वाटतो. ग्लुकोजला स्नायूपेशीच्या आवरणातून आपले आपण आत शिरता येत नाही; त्यासाठी ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने लागतात, आणि ती एरवी पेशीच्या आत, सूक्ष्म पिशव्यांमध्ये पडून असतात. इन्शुलिनचा संदेश आला की या पिशव्या आवरणाला येऊन मिळतात आणि ग्लुकोजला वाट होते. परंतु स्नायू आकुंचन पावला, तर इन्शुलिनची वाट न पाहता, वेगळ्या रासायनिक साखळीने हेच घडते, आणि ज्यांच्या पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत त्यांच्यातही हा दुसरा मार्ग बहुतांशी शाबूत असतो. आत आलेल्या ग्लुकोजला लगेच फॉस्फेट जोडला जातो. तो काढल्याशिवाय ग्लुकोजला पेशीबाहेर पडता येत नाही, आणि तो काढणारे विकर (एन्झाइम) यकृतात असते, स्नायूत नसते, म्हणून स्नायूने घेतलेली साखर रक्तात परत जात नाही, ती तिथेच वापरली किंवा साठवली जाते. जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या चालण्याला एवढे मोल आहे ते यामुळे.

तलावाकाठी सकाळी ‘डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरव्या रसांचा या व्यवहाराशी काहीएक संबंध नाही. शरीरातील घाण काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे फुकटात करतात. दुधीचा रस कडू लागला तर तो औषधी समजून गिळणे तर धोक्याचेच, कारण तो कडूपणा कुकुरबिटॅसिन या विषारी द्रव्यांचा असतो.

शेजाऱ्यांनी येऊरचा चढ आता रविवारपुरता ठेवला आहे, तोही पोहे खाऊन. भात दुपारी एक वाटी, सोबत उसळ आणि कोशिंबीर. रात्री जेवण झाले की दोघे नवराबायको उपवन तलावाला एक फेरी मारतात. वजन ते आठवड्यातून एकदाच करतात आणि कंबर शिंप्याच्या टेपने मोजतात. सणाच्या त्या आठवड्यात ती तसूभरही वाढली नव्हती.