थुनबर्गचे जपानी नमुने आणि हायड्रेंजियाचा घोळ : पार्श्वभूमी

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्गच्या जपानी संग्रहाची चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास येतो. वनस्पतींच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाने हायड्रेंजियासारखं ठळक फूलझाड चुकीच्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या चुकीच्या गटात, टाकलंच कसं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं खापर निव्वळ त्याच्या नजरेवर फोडणं अन्यायाचं आहे. नमुने त्याच्या हाती कोणत्या वाटेने आले, हे आधी पाहायला हवं.

थुनबर्गचा जन्म 1743 सालचा, शिक्षण स्वीडनमधल्या उप्सालाला, पदवी वैद्यकाची. ॲम्स्टरडॅमच्या हौशी धनिकांना आपल्या बागांसाठी जपानी झाडं हवी होती. त्या काळी जपानमध्ये युरोपीय म्हणून डचांखेरीज कोणाला थारा नव्हता. त्यामुळे या स्वीडिश तरुणाने आधी डच भाषा अंगवळणी पाडायची आणि मग डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून पुढे जायचं, असा बेत ठरला. त्यासाठी एप्रिल 1772 ते मार्च 1775 ही तीन वर्षं तो केप ऑफ गुड होपच्या डच वसाहतीत राहिला. तिथे त्याने देशाच्या आत तीन लांब फेऱ्या केल्या आणि पुढे आयुष्यभर पुरेल एवढा संग्रह जमवला. केपचं काम एरवी स्वतंत्र टिपणाचा विषय आहे. इथे एवढंच, की दाबणीत घातलेले मांसल पानांचे आणि कंदांचे नमुने तिथे सहजी मरत नाहीत. कागदात दाबलेला कंद आठवड्यांनंतरही कोंब काढतो आणि साठवलेल्या ओलाव्याने शेजारचे नमुनेही कुजवतो. असे कंद आधी चिरावे लागतात किंवा उकळत्या पाण्यात बुडवून मारावे लागतात. या कामात त्याचा हात केपमध्येच बसला.

ऑगस्ट 1775 मध्ये तो नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा बेटावर उतरला. बेट कसलं, समुद्रात भराव घालून केलेली पंख्याच्या आकाराची जागा : लांबी साधारण 120 मीटर, रुंदी 75. गावाशी जोडणारा एकच पूल, त्यावर पहारा. परवानगीशिवाय डचांनी बाहेर पाऊल टाकायचं नाही.

मग वनस्पती आणायच्या कुठून? बेटावरच्या गुरांसाठी आणि शेळ्यांसाठी गावातून रोज हिरवा चारा यायचा. थुनबर्ग तो चारा जनावरांपुढे जाण्याआधी उपसायचा आणि त्यातून नमुने निवडायचा. चाऱ्यातून काय मिळतं आणि काय निसटतं, याचा विचार केला की त्याच्या जपानी यादीतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. बांधावरची गवतं, तण, शेंगवर्गीय वेली भरपूर मिळतात. पण विळ्याने कापलेल्या या मालाला मूळ नसतं, बुडाची पानं नसतात. झाड केवढं होतं, कोणत्या जागी उगवलं होतं, हे कळायला मार्ग नसतो. वृक्ष आणि मोठी झुडपं तर चाऱ्यात येतच नाहीत.

दुसरी वाट दुभाष्यांची. डच भाषा येणारे हे जपानी दुभाषे वैद्यकही शिकत होते. गरमीच्या विकारावर पाऱ्याचं द्रावण कसं आणि किती द्यायचं, हे थुनबर्गने त्यांना शिकवलं. बदल्यात माहिती, पुस्तकं, नाणी आणि झाडांच्या फांद्या बेटावर येऊ लागल्या. (रसकापराचं हेच द्रावण पुढे अनेक हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांत, नमुन्यांना कीड लागू नये म्हणून सर्रास फासलं गेलं. जुन्या शीटना उघड्या हातांनी शिवू नये, असं सांगतात ते त्यामुळेच.) दुभाषे आणत ती झाडं बहुधा कोणाच्या तरी अंगणातली किंवा देवळाच्या आवारातली. म्हणजे लागवडीची, पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेली, आणि काही तर मुळात चीनमधून आणलेली.

1776च्या सुरुवातीला त्याला नागासाकीच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरायची मुभा मिळाली. तीही सहजी नाही. पूर्वी अशी परवानगी दिल्याचा जो दाखला सापडला, तो मदतनीस वैद्याचा होता आणि थुनबर्ग पडला मुख्य वैद्य, या मुद्द्यावर कागद अडला. शेवटी तोडगा निघाला. पण प्रत्येक फेरीला दुभाषे, अधिकारी, नोकर असं लटांबर बरोबर, आणि त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च त्याच्याच खिशातून. मार्च ते जून या काळात डच शिष्टमंडळाबरोबर तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊन आला. हाकोनेच्या चढणीवर तो पालखीतून उतरून झपाझप पुढे गेला आणि सोबतचे लोक दमून मागे आहेत तोवर हाताला लागेल ते रुमालात बांधत राहिला. संपूर्ण प्रवासात मनासारखं रानात शिरायला मिळालं, अशी ती मोजकी जागा.

आता हायड्रेंजिया. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणच्या बागांमध्ये दिसतो तोच निळ्या-गुलाबी फुलांचा गेंद. 1784 साली लाइपझिगला छापलेल्या जपानी वनस्पतींच्या ग्रंथात थुनबर्गने ही झाडं व्हायबर्नम या जीनसमध्ये घातली : मोठ्या पानांचं ते व्हायबर्नम मॅक्रोफायलम, करवती कडांचं ते व्हायबर्नम सेराटम. हायड्रेंजिया हे जीनस तेव्हा अस्तित्वात नव्हतं असंही नाही. उत्तर अमेरिकेतल्या एका जातीवरून लिनियसने ते 1753 मध्येच नोंदवलेलं होतं. शिवाय लिनियसची पद्धत पुंकेसर मोजण्याची. व्हायबर्नमला पाच पुंकेसर, हायड्रेंजियाला साधारण दहा. मोजले असते तर दोन्ही वेगळ्या वर्गांत पडली असती.

पण मोजायचे कुठले? बागेतल्या गेंदात जवळजवळ सगळी फुलं वांझ असतात. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो, त्या प्रत्यक्षात मोठी झालेली निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेला मोहरीएवढा ठिपका. व्हायबर्नमच्या काही जातींतही कडेची फुलं अशीच वांझ आणि पसरट असतात. वरवर पाहता दोन्ही सारखीच. फरक एका जागी पक्का सापडतो : व्हायबर्नमचं वांझ फूल म्हणजे पाच पाकळ्या बुडाशी जुळून झालेला एकसंध मुकुट, त्यामुळे फूल सबंध गळून येतं. हायड्रेंजियाची निदलं एकेक सुटी, बहुधा चार, आणि सुकली तरी देठाला धरून राहतात. ताज्या फुलावर भिंग धरलं तर मिनिटभरात निकाल लागतो. दाबून तपकिरी पडलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या फुलांवर लागत नाही.

दाबायला हे झाड त्रासदायकच. जपानमध्ये ते फुलतं जून-जुलैच्या पावसात. कोकणात पावसाळ्यात ज्याने हर्बेरियम केलं असेल त्याला वेगळं सांगायला नको : टीपकागद पहिले चार-पाच दिवस रोज बदलावे लागतात, आणि बदलायला कोरडा कागद हवा, तोच नसतो. एक दिवस चुकला की पानं काळी पडतात, देठापासून सुटतात, फुलांवर बुरशी चढते. गेंद जाड असल्याने तो मागून कापून अर्धा केल्याशिवाय दाब सारखा बसत नाही आणि मधली फुलं ओलीच राहतात. जननक्षम बारीक फुलांच्या पाकळ्या तर झाडावरच लवकर झडतात. थुनबर्गला जपानचा हा पाऊस एकाच वर्षी मिळाला, 1776 साली, आणि त्यातला जून बराचसा रस्त्यात गेला. त्यानंतर नमुने सिलोनमार्गे 1779 मध्ये उप्सालाला पोचले. वर्णन लिहिताना पुढ्यात होतं ते हे.

तरीही सेराटमच्या बाबतीत त्याची बाजू लंगडी पडते, हे मान्य करायला हवं. ती डोंगरातली जात. तिच्या झुबक्यात मध्ये जननक्षम फुलं असतात, वांझ फुलं फक्त कडेला. तिथे पुंकेसर मोजता आले असते. पहिल्या झाडावरून बनलेला समज त्याने दुसऱ्यावर तसाच चढवला, असंच दिसतं.

चूक दुरुस्त झाली 1830 मध्ये, दोन्ही जाती हायड्रेंजियात हलवल्यावर. पुढे देजिमावरच्याच नंतरच्या एका जर्मन वैद्याने बागेतल्या गेंदाला आपल्या जपानी सहचारिणीच्या नावावरून ओताक्सा असं नाव दिलं. ते टिकलं नाही. जीनस चुकलं तरी आधी छापलेलं जातीचं नाव कायम राहतं, या नियमाने मॅक्रोफायला आणि सेराटा हीच नावं आजही चालतात, मागे कंसात थुनबर्गची खूण घेऊन. पण नियमाची दुसरी बाजू अशी की जातीचा आधारभूत नमुना ठरला तो बागेतला वांझ गेंद. त्यामुळे 1923 मध्ये रानात आपोआप वाढणाऱ्या मूळ रूपाला ‘नॉर्मॅलिस’ असं वेगळं उपनाव द्यावं लागलं. माणसाने घडवलेलं रूप ती मुख्य जात आणि निसर्गातलं रूप तिचा उपप्रकार, हा उलटा क्रम अजून रोपवाटिकांच्या याद्यांमध्ये गोंधळ घालतो.

1784च्या त्याच ग्रंथात थुनबर्गने लिनियसचे चोवीस वर्ग वीसवर आणले. नर-मादी फुलं वेगळी असण्यावर बेतलेले वर्ग त्याला भरवशाचे वाटत नव्हते. त्यावरून बरीच टीका झाली, पण पुढे ती पद्धतच मागे पडली. जपानमध्ये मात्र ग्रंथाचं मोल वेगळंच ठरलं. 1829 मध्ये तिथल्या एका वैद्याने त्यातल्या लॅटिन नावांना जपानी नावं जोडून पुस्तक काढलं आणि लिनियसची पद्धत तिथल्या वाचकांपुढे आणली.

थुनबर्गने जमवलेल्या कीटकांकडे त्यामानाने कमी लक्ष गेलं आहे. पितळी टाचणीवर काळाच्या ओघात हिरवट क्षार फुगतो आणि किड्याचं धड आतून फोडतो. त्यामुळे त्या काळचा नमुना हाताळताना टाचणी वाकवायची नाही, फिरवायची तर मुळीच नाही. त्या काळच्या नोंदीत ठिकाण म्हणून बऱ्याचदा नुसतं देशाचं नाव असतं, गाव नाही की तारीख नाही. केप, जावा, जपान, सिलोन इथला माल शेवटी एकाच घरी पोचलेला. म्हणून अशा संग्रहातल्या किड्यावर ‘जपान’ असं लिहिलेलं असलं, तरी ती जात जपानात आज कुठे सापडते हे पडताळल्याशिवाय ठिकाण खरं धरू नये.